तुटक्या धाग्याचा पक्षी

१

ठोक व्यापाऱ्याचा टेंपो कारखान्यात रिकामा यायचा आणि भरून जायचा. त्या सकाळी तो भरलेला आला. ड्रायव्हरने मागचं फळकूट पाडलं आणि खोकी उतरवायला सुरुवात केली. ती याच कारखान्यातून गेलेली, याच चिकटपट्टीने बंद केलेली खोकी होती. बरीचशी तर उघडलेलीही नव्हती.

"अरे, काय हे? चुकून आलास की काय?" खडूबाई हात पुसत बाहेर आल्या.

"मला काय विचारता बाई, मी हमाल. हे पाकीट द्यायला सांगितलंय."

खडूबाई हे नाव बाजाराने ठेवलेलं. शिंपी कापडावर रेघ मारायला जो चपटा खडू वापरतात तो त्यांच्या कारखान्यात व्हायचा. पांढरी माती आणि शंखजिरं मळून त्याच्या लाद्या थापायच्या, ओलसर असतानाच त्यांवर पितळी ठसा दाबायचा, मग कापून वाळवायच्या. ठशाने खडूवर एक शिंपी पक्षी उमटायचा, उजवीकडे तोंड केलेला, आणि त्याच्या चोचीत एक लांब, वळसा घेतलेला धागा. 'शिंपीपक्षी छाप'. शिंपी दुकानात जाऊन खडू मागत नसत, "पक्षी द्या" म्हणत.

पाकिटात नोटिशीची नक्कल होती. कुठल्याशा कंपनीने व्यापाऱ्याला बजावलं होतं, की पक्ष्याचं हे चिन्ह आमचं आहे, त्याच्या नोंदणीचा अर्ज आम्ही केलेला आहे, आमच्या परवानगीशिवाय ते चिन्ह असलेला माल विकलात तर कोर्टात खेचू. खाली व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. 'बाई, माझा नाइलाज आहे. हे निस्तरा, मग माल पाठवा.'

खडूबाईंना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत त्या खोक्यांना धरून उभ्या राहिल्या. आत ठसा दाबणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. सगळ्या दाराकडे बघत होत्या.

हा खोकला नवीन नव्हता. याच पिठाने नवऱ्याची छाती भरली होती आणि तो गेला होता. त्याच्यामागे उरल्या त्या आणि शिवणवर्ग चालवणारी त्याची बहीण. आता डॉक्टरांनी त्यांच्याही छातीचा फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं होतं, पिठापासून लांब राहा, नाहीतर त्याच वाटेने जाल. म्हणून त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. कारखाना चिन्हासकट विकायचा, बायकांना कामावर ठेवील अशालाच विकायचा, आणि मोकळ्या हवेत बसून श्वास घ्यायचा. घेणाऱ्याशी झालेलं बोलणं सोडलं तर याची वाच्यता त्यांनी कुठे केली नव्हती. पण चिन्हच दुसऱ्याचं ठरलं, तर विकायला उरतं काय? मातीचे गोळे?

२

वकीलबाईंचं ऑफिस बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या दुकानाच्या माडीवर होतं. जिन्यात आम्लाचा वास. आत एक बेकरीवाला आधीच वाद घालत बसला होता.

"पण 'ताजा पाव' हे नाव माझ्या डोक्यात आधी आलं!"

"येऊ दे की. ताजा पाव प्रत्येक बेकरीवाल्याने म्हणायचा असतो. तो शब्द मी तुम्हाला एकट्याला कशी देऊ? काहीतरी वेडंवाकडं नाव काढा, पावाशी ज्याचा संबंध नाही असं. मग या."

"बायकोचं ठेवू? तिचा पावाशी काही संबंध नाही. ती पोळीच खाते."

"आधी तिला विचारा," वकीलबाई म्हणाल्या, आणि खडूबाईंकडे वळल्या.

त्यांनी नोटीस वाचली, संगणकावर नोंदणी खात्याची यादी उघडली, आणि अर्जाचं पान छापून समोर ठेवलं. कंपनीच्या नावावरून काही कळत नव्हतं. पत्त्याच्या जागी नुसती टपालपेटी. मधोमध पक्ष्याचं चित्र.

"हे माझंच," खडूबाई म्हणाल्या. "माझ्याकडे दुकानाचा परवाना आहे. कर भरते. इतकी वर्षं विकतेय. मग चिन्ह माझंच ना?"

"परवान्याने दुकान तुमचं होतं. चिन्ह होत नाही. त्याची वेगळी नोंद करावी लागते. का नाही केलीत?"

"हे म्हणायचे, आपला पक्षी सगळ्यांना माहीत आहे, त्याला दाखला कशाला?"

"सगळेच असं म्हणतात." वकीलबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तरी घाबरू नका. तुम्ही आधीपासून वापरताय. आधी वापरणाऱ्याला हक्क असतो. आपण हरकत घेऊ, आणि बहुधा जिंकू."

"कधी?"

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "वर्षं जातात."

"आणि तोवर व्यापारी माल उचलेल?"

"कोर्टाचं लचांड अंगावर घेऊन? मी त्याची वकील असते तर नको म्हणाले असते."

खडूबाईंनी पदराचं टोक तोंडावर दाबलं. खोकल्यासाठी की कशासाठी, ते सांगता आलं नसतं.

"एक झटपट रस्ता आहे," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याने अर्ज केला त्याने तो आपणहून मागे घ्यायचा आणि तसं व्यापाऱ्याला लिहून द्यायचं. नोटीस त्याच दिवशी मेली. पण त्यासाठी टपालपेटीमागचा माणूस कळला पाहिजे. सांगा, तुमच्या पक्ष्यावर कोणाचा डोळा होता?"

३

पहिला संशय ज्याच्यावर यायचा त्याच्यावरच आला. वकीलबाई खडूबाईंना घेऊन थेट व्यापाऱ्याच्या गोदामात गेल्या. तो बटणांच्या पेट्यांवर बसून फोनवर कोणालातरी झापत होता.

"मी?" तो खो खो हसला. मग खडूबाईंचा चेहरा बघून त्याने फोन ठेवला. "बाई, डोकं चालवा. मी तर तुमचा कारखाना विकत घ्यायला तयार होतो. बायकांना ठेवीन हेही कबूल केलं होतं. चोरायचंच असतं तर घ्यायला कशाला आलो असतो?"

"विकत?" वकीलबाईंनी खडूबाईंकडे पाहिलं. "हे मला सांगितलं नाहीत."

"कोणालाच नाही सांगितलं."

"मीसुद्धा," व्यापारी म्हणाला. "बोलणं झालं ते यांच्याच घरी, बाहेरच्या खोलीत. आणि पुढच्याच आठवड्यात ही नोटीस. आता मी विकतही घेणार नाही आणि विकणारही नाही. भांडणातला माल घेऊन मी काय करू, त्याची पूजा करू?"

"नोटिशीने तुमचा सौदा मोडला," वकीलबाई सावकाश म्हणाल्या.

"सौदा मोडला, धंदा मोडला, माझं टेंपोभाडंही गेलं."

रस्त्यावर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "याला फायदा नाही. नुसतं बोलतो म्हणून नाही म्हणत. नोटीस गेल्यावर सगळ्यात आधी नुकसान याचं झालंय."

मग साचेकार उरला. पितळी ठसा त्याने कोरला होता, दर दोन-तीन वर्षांनी तोच नवा करून द्यायचा. मूळ चित्रही त्याच्याचकडे. मागच्या खेपेला मजुरीवरून खडूबाईंशी त्याची चांगलीच जुंपली होती.

साचेकाराने कानशीवरून मान वर केली नाही. "या, खडूबाई. ठसा परत करायला आलात? म्हटलं होतं ना, दुसरा कोणी या मजुरीत कोरणार नाही."

वकीलबाईंनी अर्जाचं पान त्याच्यासमोर धरलं. "हे चित्र तुमच्याकडून गेलं का, एवढंच सांगा."

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. पान डोळ्यांजवळ नेलं, दिव्याकडे फिरवलं. आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला कोणी शिवी दिली होती.

"हे माझं काम आहे असं तुम्ही कोणाला म्हणालात तर अब्रूनुकसानीचा दावा लावीन! हा धागा बघा. मधेच तुटलाय! माझा धागा चोचीपासून शेपटापर्यंत एका दमात जातो. तो वळसा कोरायला मी श्वास रोखून बसतो. मी चोर असेन, पण असला भिकार चोर नाही. माझ्याकडे अख्खं चित्र पडलंय, मी तुटकं कशाला देईन?"

खडूबाईंनी पान ओढून घेतलं. आत्तापर्यंत त्यांनी पक्षी पाहिला होता, धागा पाहिला नव्हता. वळशापाशी रेघ नाहीशी झाली होती आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा सुरू झाली होती.

त्यांना खोकला आला नाही. त्यांनी तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि ते उचललं नाही.

४

"समजावून सांगा," वकीलबाई म्हणाल्या. आता त्या कारखान्यात, ठशाच्या टेबलापाशी उभ्या होत्या. हातात भिंग. "चित्र हाताने काढलेलं नाही. पातळ कागद खडूवर ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवली आहे, खडूचे कण उमटलेत. पक्षी उजवीकडे बघतोय. ठशावरून छाप घेतला असता तर तो डावीकडे बघत असता. म्हणजे चोराच्या हातात ठसा नव्हता, तयार खडू होता. आता या परत आलेल्या खोक्यांतले खडू बघा." त्यांनी एकेक खडू भिंगाखाली धरला. "अखंड. अखंड. हाही अखंड. मग तुटका धागा येतो कुठून?"

सांगणं भाग होतं. खडूबाई सांगू लागल्या तशा त्या स्वतःच्या शब्दांपुढे धावत होत्या, आणि पुढे काय आहे ते दिसल्यावर थांबावंसं वाटत होतं.

"धाग्याची खाच केसाएवढी आहे. सकाळी ठसा स्वच्छ असतो. दिवसभर दाबून दाबून खाचेत पीठ बसतं. मधे खरवडलं तर पितळ ओरखडतं, म्हणून रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ब्रशने धुतो. दुपार टळली की धागा तुटतो, असं आमच्यात म्हणतात. तुटला की बाजाराचा माल बंद. ह्यांची शिस्त होती, तुटक्या धाग्याचा एकही खडू दुकानात जाता कामा नये."

"पण मळलेलं पीठ उरतंच."

"उरतं. ते थापावं लागतं, नाहीतर वाळून दगड होतं."

"म्हणजे रोज संध्याकाळी तुटक्या धाग्याचे थोडे खडू होतात." वकीलबाईंनी भिंग खाली ठेवलं. "ते जातात कुठे?"

टेबलापलीकडे ठसा दाबणारी बाई तोंड उघडणार होती. खडूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड मिटलं.

"घंगाळात," खडूबाई म्हणाल्या. "भिजवून परत पिठात घालतो."

वकीलबाईंनी हातातला खडू खोक्यात परत ठेवला.

"बाई, तसं असतं तर तुटक्या धाग्याचा खडू या चार भिंतींबाहेर कोणी पाहिलाच नसता," त्या म्हणाल्या. "आणि मग हे चित्र निघालंच नसतं. तुम्ही कोणालातरी पाठीशी घालताय. घाला. पण माझा प्रश्न तेवढाच राहतो. ज्याच्याकडे फक्त हेच खडू जातात, आणि तुमच्या बाहेरच्या खोलीत झालेलं बोलणं ज्याच्या कानावर पडू शकतं, असं कोण?"

त्यांनी पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. अर्ज मागे घेत असल्याचं पत्र. सहीची जागा रिकामी.

"मी येत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तिथे वकिलाचं काम नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. खडूबाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या पायांत चपला अडकवून निघाल्या.

५

नणंदेचा शिवणवर्ग दोन गल्ल्या सोडून होता. वयाने ती लहान, पण खडूबाई तिला जुन्या वळणाने 'वन्सं' म्हणायच्या आणि अहोजाहो करायच्या. वर्ग सुटला होता. यंत्रांवर झाकणं घातलेली. नणंद जमिनीवर बसून कापडाचे तुकडे रंगांप्रमाणे लावत होती. भिंतीला लागून खडूंचा डबा.

"ये वहिनी. असा चेहरा का? माल परत आला म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गल्लीत टेंपो उलटा गेला की सगळ्यांना कळतं." तिने तुकडा झटकला. "बस. पाणी देऊ?"

"वन्सं, तो अर्ज मागे घ्या."

कापड लावणारे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. "कसला अर्ज?"

"त्या दिवशी व्यापारी आला होता तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत पडदे शिवत होतात. यंत्र थांबलं होतं. मला तेव्हा कळायला हवं होतं."

"यंत्र थांबलं म्हणून मी चोर? दोरा संपला असेल."

"कारखाना बंद पडतोय. बायका उद्यापासून घरी बसतील. तुम्हाला सौदा मोडायचा होता, मोडला. पण नोटिशीने सौद्याबरोबर धंदाही बुडतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही."

नणंदेचा चेहरा पडला. धंद्याचा भाग तिच्या ध्यानात आलाच नव्हता, हे स्पष्ट दिसलं. पण तिने मान ताठ केली.

"मी काही केलेलं नाही. टपालपेटीवर माझं नाव आहे? कागदावर आहे? मग? सिद्ध कर. केलंस तर जिथे म्हणशील तिथे सही करते."

सिद्ध करणं अवघड नव्हतं. पुरावा खडूबाईंच्या पिशवीत होता, सकाळी व्यापाऱ्याकडून परत आलेल्या खोक्यातला. पण तो काढायचा म्हणजे काय करायचं, हे त्यांना साचेकाराच्या दुकानापासून कळलेलं होतं. रस्ताभर त्या दुसरा उपाय शोधत आल्या होत्या. शपथ घालून पाहू, रडून पाहू, पाया पडू. त्यातलं काहीही नणंदेला हलवणार नव्हतं. आणि कारखान्यात बायका वाट बघत होत्या.

"नका करायला लावू," त्या म्हणाल्या.

"का? जमत नाही?"

खडूबाईंनी पिशवीतला खडू काढून फरशीवर ठेवला. मग उठून भिंतीजवळच्या डब्यातला एक आणला आणि शेजारी ठेवला.

"अर्जातल्या पक्ष्याचा धागा तुटका आहे. वन्सं, बाजारात तुटका धागा कोणी पाहिलेला नाही."

नणंद हसली. "म्हणजे? पक्षी तसाच आहे. दादाने मुद्दाम तसा काढला. धागा तुटलाय तरी त्याने दुसरं टोक सोडलेलं नाही. मी मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते, दोरा तुटला तरी—"

तिचं लक्ष पहिल्या खडूकडे गेलं. तिने तो उचलला. बोटाने चोचीपासून रेघ चाचपली. बोट वळशावरून न अडखळता शेपटापर्यंत गेलं. तिने डब्यातला दुसरा खडू काढला. तिसरा. मग मूठभर फरशीवर ओतले आणि एकेक उलटा करत गेली. सगळे तुटके.

"हे असे का?" तिचा आवाज बारीक झाला होता.

खडूबाईंनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"वहिनी. हे असे का?"

"खाचेत पीठ बसतं. संध्याकाळपर्यंत. असे खडू विकायचे नाहीत म्हणून..."

"म्हणून मला."

"शिकणाऱ्या मुलींना काय फरक पडतो, असं ह्यांना वाटायचं. वाया जाण्यापेक्षा. वन्सं, त्यात कमीपणा नव्हता हो. ते स्वतः डबा भरायचे."

"रोज स्वतः आणून द्यायचा," नणंद म्हणाली. "मला वाटायचं, खास माझ्यासाठी काढून ठेवतो."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नणंद खडू पुन्हा डब्यात भरू लागली, अगदी सावकाश, एकावर एक चळत लावून, जसे ते दुकानात लावतात तसे. मग मधेच थांबली.

"विकायचं का ठरवलंस? मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तो गेल्यावर एवढीच तर त्याची खूण होती."

उत्तर द्यायला खडूबाईंनी तोंड उघडलं आणि खोकल्याने त्यांना गाठलं. या वेळी तो लवकर सुटला नाही. त्यांनी यंत्राची कड धरली, पाठ वाकली, डोळ्यांतून पाणी आलं. नणंद ऐकत होती. हा खोकला तिने आधी ऐकलेला होता, पलीकडच्या खोलीतून, पूर्ण एक हिवाळा.

"दादासारखाच," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

खडूबाईंनी मान हलवली.

"डॉक्टरांकडे कधी गेलीस?"

"सौद्याच्या आधी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही एकदा पाहिलंय सगळं. पुन्हा कशाला?"

नणंदेने हात पुढे केला. "सही कुठे करायची? कागद आण."

तिने पत्र पूर्ण वाचलं. कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नका, असं ती वर्गातल्या मुलींना नेहमी सांगायची. कंपनी नावापुरती, तिचीच होती; नोंदणीचा अर्ज भरून देणारा एका विद्यार्थिनीचा नवरा होता, त्यालाही उद्या सकाळी सांगते म्हणाली. सही करताना तिचं अक्षर जराही हललं नाही. पत्र तिने वहिनीच्या हातात दिलं, तेव्हा मात्र ती तिच्याकडे बघू शकली नाही.

"व्यापारी परत घेईल माल?"

"पत्र बघून घेईल."

"आणि कारखाना?"

"घेईल की नाही माहीत नाही. आता घासाघीस करेल."

"करू दे. विक. बायकांना ठेवणार असेल तर विक, आणि त्या पिठातून बाहेर ये." नणंद उठली, झाकण लावून डबा तिने वहिनीच्या हातात ठेवला. डबा जड होता. "हे घेऊन जा. भिजव, फेक, काय करायचं ते कर. विकेपर्यंत मला सकाळचे खडू पाठव."

"पाठवते."

"बिलासकट," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दिवा मालवला.